तिसरा फोनो प्रीअँप घेण्याआधी

प्रश्न निपाणीहून आला आहे. थोडक्यात असा: ऑडिओ-टेक्निकाचा एलपी १२० एक्स यूएसबी टर्नटेबल आहे, त्यावर सोबत आलेलीच व्हीएम ९५ ई कार्ट्रिज (सुई धरणारा आणि तिची थरथर विजेत बदलणारा तुकडा). टर्नटेबलच्या पोटातला प्रीअँप (कार्ट्रिजचा बारीक सिग्नल वाढवणारं सर्किट) चालू ठेवून तो वडिलांच्या वेळच्या स्टीरिओ अँप्लिफायरच्या ऑक्समध्ये, म्हणजे साध्या जोडणीच्या सॉकेटमध्ये, जोडला आहे. अँप्लिफायरच्या मागे 'फोनो' लिहिलेली जागा आहे, पण ती कधी वापरलेली नाही. आवाज बसल्यासारखा वाटतो, ख्यालाच्या रेकॉर्डची बाजू संपत आली की ताना फाटतात, आणि सुई वर असतानाही बारीक घूं ऐकू येते. दुकानदाराने बारा हजारांचा बाहेरचा फोनो प्रीअँप सुचवला आहे. तो घ्यावा का? आणि माळ्यावर वडिलांचा जुना एचएमव्हीचा पेटी-प्लेअर आहे, तोही त्याच प्रीअँपला जोडता येईल का?

एवढ्यात घेऊ नका. बाहेरचे प्रीअँप वाईट असतात म्हणून नव्हे; माझ्या स्वतःच्या टेबलावर एक आहेच. पण तुम्ही तीन तक्रारी सांगितल्या आहेत आणि त्या तिन्हींची कारणं वेगळी असण्याची शक्यता जास्त. प्रीअँप बदलून त्यातली एखादी जाईल, उरलेल्या तशाच राहतील. शिवाय तुमच्याकडे आजच्या घडीला एक नाही, दोन फोनो प्रीअँप आहेत: एक टर्नटेबलात, दुसरा वडिलांच्या अँप्लिफायरात. हातातले दोन एकमेकांशी ताडून न बघता तिसऱ्यावर बारा हजार कशाला घालायचे?

आधी हा प्रीअँप करतो काय ते सांगतो, म्हणजे पुढचं सगळं पटेल. तुमच्या कार्ट्रिजमधून साधारण ४ मिलिव्होल्ट निघतात. एवढ्याने अँप्लिफायर हलत नाही, म्हणून ते वाढवायचं. टर्नटेबलातला प्रीअँप ३६ डेसिबलने, म्हणजे साठेक पटीने वाढवतो आणि पाव व्होल्टाच्या आसपास बाहेर देतो. दुसरं काम जास्त महत्त्वाचं. रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम कमी करतात, नाहीतर खाच इतकी रुंद हेलकावे घेईल की एका बाजूवर धड दहा मिनिटंही मावणार नाहीत. आणि वरचे स्वर मुद्दाम वाढवून कापतात, म्हणजे प्लास्टिकची खसखस त्यांच्याखाली दबते. २० हर्ट्झला २० डेसिबल कमी, २० किलोहर्ट्झला २० डेसिबल जास्त. व्होल्टेजच्या हिशेबात खालच्या आणि वरच्या टोकात शंभर पटींचा फरक. प्रीअँपने याच्या बरोबर उलटं करून सगळं समेवर आणायचं. या वक्राला आरआयएए म्हणतात, १९५० च्या दशकाच्या मध्यापासून सगळ्या कंपन्या तोच पाळत आल्या आहेत.

म्हणजे हजाराचा असो की लाखाचा, काम तेच. फरक पडतो तो वक्र किती नेमका आहे, स्वतःची सुस्कार किती घालतो, जोरकस जागेला त्याची दमछाक होते का आणि कार्ट्रिजला तो कसला भार दाखवतो यात. शेवटच्या मुद्द्याबद्दल दुकानात सहसा कुणी बोलत नाही, आणि माझ्या अनुभवात घरातल्या घरात ऐकू येणारा फरक बहुतेक वेळा तिथेच असतो.

आता फुकटची चाचणी. टर्नटेबलाच्या मागे एक छोटं सरकतं बटण आहे, एका बाजूला 'फोनो', दुसऱ्या बाजूला 'लाइन'. सगळं बंद करा. बटण 'फोनो'वर न्या, वायर ऑक्समधून काढून अँप्लिफायरच्या फोनोमध्ये घाला, आणि अर्थची (अर्थिंगची) बारीक वायर मागच्या स्क्रूला आवळा. एक सांभाळा: बटण 'लाइन'वर ठेवून वायर फोनोत घातली तर आधीच साठपट झालेला सिग्नल पुन्हा वाढतो, खर्ज दुप्पट फुगतो आणि सगळं चिरकं होतं. 'जुना फोनो बेकार आहे' असा निकाल देणाऱ्या कित्येकांनी हेच केलेलं असतं.

ऐकताना दोन्ही वेळा आवाजाची पातळी सारखी ठेवा. एक-दोन डेसिबलने मोठा असलेला आवाज कानाला मोठा वाटत नाही, 'खुललेला' वाटतो, आणि बाहेरच्या प्रीअँपची निम्मी कीर्ती याच्यावरच उभी आहे. मोबाइलवरचं आवाज मोजायचं कुठलंही ॲप चालेल. अचूक आकडा नको, दोन्ही वेळा सारखा आला म्हणजे झालं. तुमची 'बसल्यासारखा'ची तक्रारसुद्धा इथेच सुटू शकते. सीडी प्लेअर २ व्होल्टांपर्यंत देतो, तुमचा टर्नटेबल त्याच्यापुढे दबकाच बोलणार. व्हॉल्यूमची चावी थोडी पुढे नेली आणि तक्रार संपली, असंही होतं.

ऐकायला रेकॉर्ड कुठली? वाद्यवृंद नको, गाजलेलं गाणंही नको, ते आपल्याला पाठ असतं आणि मेंदू रिकाम्या जागा भरून टाकतो. आलापाच्या आधीचा नुसता तानपुरा लावा. जवारी (तारांची गुणगुणती झणक) नीट लागलेल्या तानपुऱ्यात खालच्या षड्जापासून वरच्या झणत्कारापर्यंत सगळा पट्टा एका छेडीत सापडतो, आणि दोन छेडींच्या मधल्या शांततेत प्रीअँपची सुस्कार उघडी पडते. जवारीचा तो मधमाशीसारखा किनारा एका प्रीअँपवर दिसतो आणि दुसऱ्यावर गोल होतो का, एवढंच बघा. वायर बदलण्याचं काम घरातल्या कुणाला तरी द्या आणि तुम्ही पाठ करून बसा.

दोन्ही सारखे वाटले तर प्रीअँप ही तुमची अडचण नाही, विषय मिटला. अँप्लिफायरचा फोनो चांगला वाटला तर तोच वापरा. वाईट वाटला, तरी लगेच मोडीत काढू नका. त्या काळच्या आपल्याकडच्या अँप्लिफायरांत फोनोची पट्टी बहुधा मागच्या सॉकेटजवळच असते, कधी पत्र्याच्या झाकणाखाली, आणि तिच्यावर बीईएलचे (भारत इलेक्ट्रॉनिक्सचे) बीसी १४९ किंवा त्यांच्या जातीचे ट्रान्झिस्टर दिसतात. ट्रान्झिस्टर सहसा टिकतात, वाळतात ते इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. वरचं प्लास्टिकचं आवरण आकसून कडेचा ॲल्युमिनियम उघडा पडलेला दिसला की समजायचं, याची वेळ झाली. सिग्नलच्या वाटेवरचा कपॅसिटर वाळला की खर्ज पातळ होतो. सुरुवातीला एकाच बाजूचा होतो, त्यामुळे गाणारा मध्यभागातून सरकल्यासारखा वाटतो. ते चार-सहा नग बदलायचे आणि वर्षानुवर्षं न फिरलेल्या सिलेक्टर स्विचमध्ये काँटॅक्ट क्लीनर मारायचा. सामानाचा खर्च किरकोळ, मजुरी काय ती. बारा हजारांच्या डब्याशी बरोबरी करणारे जुने फोनो अशा साध्या रिपेरीतून उभे राहतात. सगळेच राहतात असं नाही. काहींची रचनाच कंजूष असते. ते बोर्ड बघितल्याशिवाय सांगता येत नाही.

आता त्या भाराबद्दल. तुमच्यासारख्या मूव्हिंग मॅग्नेट (हलत्या चुंबकाच्या) कार्ट्रिजच्या पोटात हजारो वेढ्यांची बारीक तार असते. तुमच्या व्हीएम ९५ ई चा इंडक्टन्स ५५० मिलिहेन्री. तिला समोर ४७ किलोओहम लागतात, ते सगळेच प्रीअँप देतात. पण त्यासोबत कपॅसिटन्स (वीज साठवून धरण्याची क्षमता) किती, यावर तिचा वरचा आवाज ठरतो. कंपनी म्हणते १०० ते २०० पिकोफॅरड, आणि हा आकडा आर्ममधली वायर, बाहेरची केबल आणि प्रीअँपचं तोंड, सगळं धरून. साध्या केबलचे मीटरला शंभरेक पिकोफॅरड सहज होतात. त्यात जुन्या अँप्लिफायरच्या तोंडाशी दोन-तीनशेचा कपॅसिटर बसवलेला असेल, तर बेरीज चारशेवर जाते. २०० ला या कार्ट्रिजचा विजेचा अनुनाद, म्हणजे जिथे तिचा आवाज उसळतो ती जागा, १५ किलोहर्ट्झच्या आसपास असतो. ४०० ला तो ११ च्या खाली येतो. तिथे एक उंचवटा तयार होतो आणि त्याच्यापुढे सगळं घसरतं. ऐकायला काय येतं? 'स' आणि 'श' टोचतात, पण झांजेचा, जवारीचा वरचा वारा मात्र गायब. एकाच वेळी कर्कश आणि मंद.

यावरून एक गोष्ट लक्षात घ्या, जी नेटवरच्या सल्ल्यांच्या विरुद्ध जाते. टर्नटेबलातला प्रीअँप स्वस्त असेल, पण त्याच्याकडे जागेचा मोठा फायदा आहे: कार्ट्रिजचा नाजूक सिग्नल बाहेरच्या केबलीत शिरण्याआधीच तो पकडतो. तोच सिग्नल दीड मीटर केबलीतून बाहेरच्या महागड्या डब्यात नेला तर सुधारण्याऐवजी बिघडूही शकतो. 'आतला म्हणजे टाकाऊ' हे मला सरसकट मान्य नाही. आतल्याची खरी कमतरता वेगळी असते: अशा छोट्या सर्किटांना वीजपुरवठा तुटपुंजा असेल तर जोरकस जागेला आणि ओरखड्याच्या टकटकीला ती शेंडे कापतात. ओरखडा एरवी टिचकीसारखा येऊन जातो, तो मग चापट मारल्यासारखा रेंगाळतो. तुमच्या रेकॉर्डवर टकटक जास्तच अंगावर येत असेल तर बाहेरच्या प्रीअँपच्या बाजूने हा एक खरा मुद्दा.

फाटणाऱ्या तानांकडे वळतो, कारण माझ्या मते तुमचा खरा खर्च इथे व्हायला हवा. एलपी ३३⅓ फेऱ्यांनी फिरते, पण सुईखालून सरकणाऱ्या खाचेचा वेग बाहेरच्या कडेला सेकंदाला ५० सेंटिमीटर, आणि आत लेबलाजवळ जेमतेम २१. तेवढ्याच स्वरांना आत निम्म्याहून कमी जागा. पाश्चात्त्य संगीताला हे कधी बाधतं, कधी नाही. ख्यालाला मात्र नेमकं उलट्या ठिकाणी सापडतं. बऱ्याच एलपींवर एका बाजूला एकच राग: विलंबित बाहेरच्या ऐसपैस खाचेत निवांत चाललेलं, आणि द्रुत, त्यातही शेवटच्या सपाट ताना, सगळ्यात चिंचोळ्या खाचेत. भीमसेन जोशींची तार सप्तकातली दमदार तान तिथे आली की सुईची परीक्षाच. व्हीएम ९५ ई ची सुई लंबगोल असली तरी साधी, दांडीला हिऱ्याचं टोक जोडलेली आहे. आत गेल्यावर तिला वळणं झेपत नाहीत. प्रीअँपपर्यंत सिग्नल पोचतो तो फाटूनच. मग प्रीअँप काय करणार?

करायचं ते असं. सुईचा दाब काट्यावर मोजा, २ ग्रॅम पाहिजे. आर्मवरच्या आकड्यावर विसंबू नका. डिजिटल काटा काही शेकड्यांत मिळतो. दाब कमी ठेवला तर रेकॉर्ड वाचते हा गैरसमज आहे, हलकी सुई उड्या मारते आणि खाचेच्या भिंती तीच खरवडते. मग कागदी प्रोट्रॅक्टर (कार्ट्रिजचा कोन जुळवायचा आराखडा) छापून कार्ट्रिज सरळ बसवा. फाटणं एकाच बाजूच्या स्पीकरमध्ये जास्त असेल तर अँटिस्केटिंग (आर्मची आत ओढ आवरणारी चावी) बघा. सुई किती वाजली आहे तेही आठवा: या लंबगोल सुईचं आयुष्य कंपनी ३०० तासांच्या आसपास सांगते. रोज एक एलपी दोन्ही बाजूंनी ऐकणाऱ्याचे तेवढे तास वर्षभराच्या थोडं पुढे संपतात. एवढं करूनही ताना फाटल्या तर सुई बदला, कार्ट्रिज नको. व्हीएम ९५ च्या सगळ्या सुया एकाच अंगाला बसतात, ओढून काढायची आणि दुसरी सरकवायची. मायक्रोलिनिअर टोकाची एमएल सुई महाग आहे, पण हजार तास चालते आणि आतल्या खाचेत तिचा फरक शेजारच्या खोलीतूनही कळतो. बारा हजार खिशात असतील तर माझं मत याच सुईला.

एक अट आहे. खाचच झिजलेली असेल तर कुठलीच सुई ती भरून देणार नाही. शनिवारच्या जुन्या बाजारात मिळणाऱ्या रेकॉर्डी आधीच्या मालकाने जड आर्मखाली कितीदा घासल्या, ते कोण सांगणार? सगळ्या रेकॉर्डी शेवटी फाटत असतील तर दोष सुईत. ठराविकच फाटत असतील तर त्या रेकॉर्डींत. आणि घासलेली व बुरसटलेली यात गल्लत करू नका. आपल्याकडे, विशेषतः खानापूर-जांबोटीच्या बाजूला, पावसाळ्यात कपाटातल्या रेकॉर्डींवर पांढुरकी बुरशी धरते. ती झिजेसारखीच खरखरते. डिस्टिल्ड वॉटर, भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब, मऊ ब्रश, मग नुसत्या डिस्टिल्डने धुवा आणि उभी करून वाळवा. कागदी आतली पाकिटं फेकून द्या, बुरशी त्यांच्यातच राहते.

घूं. ही बहुधा ५० हर्ट्झची आहे आणि बहुधा अर्थची आहे. सुई वर ठेवून, एरवी ऐकता तेवढा आवाज ठेवून, टर्नटेबल हाताने उचलून अँप्लिफायरपासून दोन फूट लांब न्या. घूं कमी झाली तर अँप्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर कार्ट्रिजमध्ये शिरतो आहे. टर्नटेबल दुसऱ्या बाजूला ठेवा, काम संपलं. फरक पडला नाही तर अर्थची वायर लावून आणि काढून, दोन्ही बघा. तरीही तीच घूं राहिली तर घरच्या सॉकेटचं तिसरं भोक तपासून घ्या. जुन्या घरांत ते नुसतं नावाला असतं, मागे वायरच नसते. इलेक्ट्रिशियनला न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजायला सांगा; दोन-तीन व्होल्टांवर गेलं तर अर्थिंगचं काम निघालं. मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, मिरगाचा पाऊस झाला की तक्रार आपोआप कमी होते, असं सांगणारे गिऱ्हाईक दर वर्षी येतात. त्यांना प्रीअँप नको, खड्ड्यात पाणी पाहिजे असतं. बेळगावात वडगाव, खासबागेकडे कापडाचे माग चालणाऱ्या गल्ल्यांत घूंसोबत चटचटही येते, ती वेगळी गोष्ट, तिच्यासाठी मेन्स फिल्टर. बाहेरचा प्रीअँप घेतला तर त्याच्यासोबत आणखी एक अडॅप्टर आणि आणखी एक अर्थची वाट घरात येते. घूं घालवायला म्हणून तो घेतला आणि ती वाढली, असंही होतं.

मग बाहेरचा कधी घ्यावा? अँप्लिफायरला फोनोच नसेल आणि आतला टिचकीला चापट करत असेल तेव्हा. पुढेमागे मूव्हिंग कॉइल (हलत्या वेटोळ्याची) कार्ट्रिज घेणार असाल तेव्हा तर घ्यावाच लागेल, कारण ती अर्धा मिलिव्होल्ट किंवा त्याहूनही कमी देते आणि तिला ४० नव्हे, ६० डेसिबलांची वाढ लागते. तुमचे दोन्ही प्रीअँप तिथे निरुपयोगी. घेताना चेहरा आणि वजन बघू नका. कपॅसिटन्स बदलायची सोय आहे का, निदान तो छापलेला तरी आहे का, ते बघा. तुमच्या कार्ट्रिजला १०० चा पर्याय हवा. खालचा गडगडाट कापणारा फिल्टर असला तर उत्तम, वाकलेल्या रेकॉर्डीवर वूफरचा पडदा आत-बाहेर पोहत असतो तो थांबतो. केबल एक मीटरपेक्षा लांब नको. आणि दुकानदाराकडून आठ दिवसांच्या बोलीवर घरी आणा, वर सांगितली ती तानपुऱ्याची चाचणी तिन्ही प्रीअँपवर करा, मगच पैसे द्या. ओळखीचा दुकानदार याला नाही म्हणत नाही.

राहिला माळ्यावरचा पेटी-प्लेअर. तो कुठल्याही फोनो प्रीअँपला जोडू नका, वडिलांच्या अँप्लिफायरच्या फोनोलाही नाही. अशा प्लेअरांत बहुतेक सिरॅमिक किंवा क्रिस्टल कार्ट्रिज असते. ती मिलिव्होल्ट नाही, व्होल्टाच्या दशांशात बोलते, आणि आरआयएएचा बराचसा हिशेब तिच्या स्वभावातच आपोआप होतो. प्रीअँपमध्ये घातली की नुसता चिखल. सरळ ऑक्सला लावली तर आवाज येईल पण पातळ, कारण तिला समोर एक मेगओहमच्या आसपास भार लागतो आणि ऑक्स सहसा त्याच्या कितीतरी खाली असतो, त्यात खर्ज गळून जातो. मधे एका एफईटीचा (एका जातीच्या ट्रान्झिस्टरचा) साधा बफर, म्हणजे भार जुळवणारं छोटं सर्किट, बसवला की काम होतं. कुठलाही रेडिओ-टीव्ही रिपेरीवाला तासाभरात करून देईल. पण त्याआधी प्लेअर व्हॉल्व्हचा आहे का आणि एसी-डीसी दोन्हींवर चालणारा आहे का, हे त्याच्याकडून बघून घ्या. तसा असेल तर त्याची चॅसीच (धातूचा सांगाडा) थेट मेन्सला असू शकते. त्यातून वायर काढून अँप्लिफायरला जोडणं जिवावर बेतेल.

त्या प्लेअरवर नव्या एलपी वाजवू नका, त्याच्या आर्मचा दाब तुमच्या टर्नटेबलाच्या दुप्पट-तिप्पट असतो. ७८ च्या लाखेच्या तबकड्या असतील तर त्यांच्यासाठी तो ठेवा. कार्ट्रिजला पुढे फिरवायची कळ असेल तर एका बाजूला एलपीची सुई आणि दुसऱ्या बाजूला ७८ ची, तिप्पट-चौपट जाड, असते. ७८ लावण्याआधी ती फिरवायची. आणि त्या तबकड्या पुसायला स्पिरिट किंवा अल्कोहोल वापरू नका, लाख त्यात विरघळते. ओलसर फडकं पुरे.